काइटसर्फिंग आणि विंडसर्फिंग: खेळ वाऱ्याचा, पण खाडीत घड्याळ भरती-ओहोटीचं

हिंगोली जिल्ह्यात नदी एकाच दिशेनं वाहते. कयाधू पैनगंगेला मिळते, पूर्णा गोदावरीला मिळते आणि हे सगळं पाणी शेवटी पूर्वेकडे, बंगालच्या उपसागराकडे जातं. पूर येवो की पात्र कोरडं पडो, दिशा बदलत नाही. कोकण आणि गोव्यात मात्र नदीचं मुख दिवसातून दोनदा उलटं वाहतं. भरतीला समुद्राचं पाणी नदीत आत शिरतं, ओहोटीला तेच पाणी नदीच्या पाण्यासह बाहेर पडतं.

सुट्टीत गोव्याला गेलेल्या मराठवाड्यातल्या पोरांना किनाऱ्यावर मोठाले रंगीत पतंग आकाशात आणि त्यांना लटकलेली माणसं पाण्यावर धावताना दिसतात. रील बनते, शेअर होते. आपणही करून बघू, असं वाटणं साहजिक आहे. रीलमध्ये वारा दिसतो, कारण पतंग हलतो. खालून सरकणारं पाणी मात्र दिसत नाही. नदीच्या मुखाशी हे खेळ खेळताना नवख्याचा घात बहुतेकदा हे न दिसणारं पाणीच करतं.

विंडसर्फिंग आणि काइटसर्फिंग यांत फरक काय?

विंडसर्फिंगमध्ये पायाखाली फळी असते आणि फळीवरच शीड बसवलेलं असतं. शिडाची काठी कोणत्याही बाजूला वाकू शकेल अशा सांध्यानं फळीला जोडलेली असते. खेळाडू आडवा दांडा धरून शीड तोलतो. वेगळं सुकाणू नसतं. शीड पुढे झुकवलं की फळी वाऱ्यापासून दूर वळते, मागे झुकवलं की वाऱ्याकडे वळते.

काइटसर्फिंगमध्ये शीड आकाशात असतं. हवा भरलेल्या कण्याचा पतंग साधारण २० ते २४ मीटर लांबीच्या दोऱ्यांवर उडतो. या दोऱ्या कमरेच्या पट्ट्याला अडकवलेल्या असतात आणि पायाखाली छोटी फळी असते. संक्रांतीला पतंग उडवलेल्यांना हे ओळखीचं वाटेल, पण एक फरक लक्षात ठेवायला हवा. इथे ढील देता येत नाही. दोऱ्यांची लांबी ठरलेली असते. हातातला दांडा ओढला किंवा सोडला की वाऱ्याशी पतंगाचा कोन बदलतो आणि ओढ कमी-जास्त होते. कणी वर-खाली बांधून आपण पतंगाचा जो स्वभाव बदलतो, ते काम इथे पतंग उडत असतानाच चालू असतं.

दोन्ही खेळांत वारा फक्त मागून ढकलत नाही. शीड किंवा पतंग विमानाच्या पंखासारखं काम करतं, म्हणून वाऱ्याला आडवं आणि काही अंशी वाऱ्याच्या विरुद्ध दिशेनंही जाता येतं, आणि वाऱ्यापेक्षा जास्त वेगही गाठता येतो. फ्रान्सच्या अलेक्स कैझर्गनं २०१७ मध्ये ५०० मीटरच्या अंतरात ५७.९७ नॉट, म्हणजे ताशी १०७ किलोमीटरचा सरासरी वेग गाठला होता. (एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर.)

इथे एक गणित पाठच करावं. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की ओढ दुप्पट होत नाही, चौपट होते. १० नॉटमध्ये मजेत चाललेला माणूस २० नॉटच्या झोतात हवेत उचलला जातो तो यामुळेच. म्हणून वारा वाढला की लहान पतंग घेतात, आणि दांड्याजवळ ओढ एका झटक्यात सोडून देणारी कळ असते. ती कळ डोळे मिटूनही सापडली पाहिजे. ज्याला ती सापडत नाही, त्यानं पाण्यात उतरू नये.

खाडीच का निवडतात?

उघड्या समुद्रात लाटा असतात आणि नवशिक्याला त्या उभंच राहू देत नाहीत. नदीच्या मुखाशी अनेकदा वाळूची दांडी आडवी पसरलेली असते. तिच्या आतल्या बाजूला पाणी सपाट राहतं आणि वारा मात्र अडत नाही. ओहोटीच्या सुमाराला कंबरभर पाण्याचे भाग तयार होतात, पडलं तरी पाय टेकतात. शिकायला याहून बरी जागा नाही.

या खेळाच्या जन्मकथेतही अशीच एक जागा आहे. १९५८ मध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या हेलिंग बेटाजवळ पीटर चिल्व्हर्स या १२ वर्षांच्या मुलानं फळीवर शीड बसवून पाण्यात सोडलं होतं. पुढे १९६० च्या दशकात अमेरिकेत न्यूमन डार्बी यांनी शिडाची फळी बनवली, आणि त्यानंतर हॉयल श्वाइट्झर व जिम ड्रेक यांनी त्यांच्या विंडसर्फरचं पेटंट मिळवलं. हे पेटंट ब्रिटनच्या कोर्टात आलं तेव्हा चिल्व्हर्सची ती लहानपणची फळी पुरावा ठरली आणि तिथे पेटंट टिकलं नाही. एका पोरानं सुट्टीत केलेला उद्योग मोठ्या कंपनीच्या दाव्यावर भारी पडला.

काइटसर्फिंग त्यामानानं नवं आहे. फ्रान्सच्या ब्रिटनी भागातल्या ब्रुनो आणि डॉमिनिक लेगेन्यू या भावांनी १९८४ मध्ये हवा भरून फुगवायच्या पतंगाचं पेटंट घेतलं. पाण्यात पडला तरी हा पतंग बुडत नाही आणि पुन्हा उडवता येतो. विंडसर्फिंग १९८४ पासून ऑलिंपिकमध्ये आहे, काइटसर्फिंग २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये आलं.

भरती-ओहोटीचं गणित, तिथीवरून

कोकण किनाऱ्यावर एक जुना ठोकताळा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. अष्टमी असेल तर ८ ची पाऊणपट ६, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी ६ च्या सुमारास पूर्ण भरती. पौर्णिमा किंवा अमावास्या असेल तर १५ ची पाऊणपट सव्वाअकरा. त्यानंतर सुमारे सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. एका भरतीपासून दुसरीपर्यंत साधारण १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणून रोज ही वेळ सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. ठिकाणानुसार तासाभराचा फरक पडू शकतो. नेमक्या वेळेसाठी भारतीय सर्वेक्षण विभागाची भरती-ओहोटीची कोष्टकं असतात, समुद्राच्या स्थितीचे अंदाज हैदराबादची 'इनकॉइस' ही संस्था देते. पण ठोकताळ्याचा फायदा असा की भिंतीवरच्या कॅलेंडरवर तिथी बघून दिवसाचा अंदाज बांधता येतो.

आता यात वारा मिसळू. शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे शिकवले होते, ते इथे कामाला येतात. दिवसा जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, म्हणून दुपारी समुद्राकडून जमिनीकडे खारे वारे वाहतात. रात्री जमीन लवकर थंड होते आणि पहाटेपर्यंत जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे वाहतात. शिडाच्या होड्यांचे कोळी पहाटे मतलईवर बाहेर पडायचे आणि दुपारी खाऱ्या वाऱ्यावर परतायचे. गोव्यात आणि दक्षिण कोकणात काइटसर्फिंगवाले थांबलेले असतात ते याच दुपारच्या वाऱ्यासाठी. फेब्रुवारी ते मे या काळात तो चांगला भरतो.

पौर्णिमा-अमावास्येला भरती सकाळी अकरा-बाराला पूर्ण होते. म्हणजे त्यानंतरची अख्खी दुपार ओहोटीची. नेमकी तीच वेळ चांगल्या वाऱ्याची. शिवाय या दिवसांत उधाण असतं, म्हणजे भरती सगळ्यात उंच आणि ओहोटी सगळ्यात खोल. तेवढ्याच सहा तासांत जास्त पाणी बाहेर पडायचं, तर ते जोरातच पडणार. ओहोटीचा वेग सगळा वेळ सारखा नसतो. पहिल्या तासात एकूण उतारापैकी बारावा हिस्सा उतरतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्यात प्रत्येकी तीन हिस्से, मग पुन्हा दोन आणि एक. २ मीटरचा उतार असेल तर पहिल्या तासात जेमतेम १७ सेंटीमीटर आणि तिसऱ्या तासात ५० सेंटीमीटर. 'अर्ध्या तासापूर्वी तर काहीच नव्हतं' असं जे नंतर ऐकू येतं, त्याचं उत्तर या आकड्यांत आहे.

खरी काळजी मात्र पौर्णिमेनंतरच्या दोन-तीन दिवसांची करावी. एक तर सगळ्यात मोठं उधाण साधारण पौर्णिमा-अमावास्येनंतर एक-दोन दिवसांनी येतं. दुसरं म्हणजे वेळ. द्वितीयेला दोनाची पाऊणपट दीड, म्हणजे भरती दुपारी दीडच्या आसपास आणि ओहोटी पूर्ण होते संध्याकाळी साडेसातच्या पुढे. खारा वारा सूर्यास्ताच्या सुमारास पडतो. वारा असतो तोवर तो माणसाला किनाऱ्याकडे आणतो, ओहोटी बाहेर नेते आणि दोघांची बरोबरी राहते. वारा पडला की पतंग पाण्यात येतो, फळी थांबते आणि ओहोटी मात्र चालूच असते. अंधारही पडत असतो.

अष्टमीच्या आसपास चित्र उलटं. ओहोटी दुपारी बाराच्या सुमारास पूर्ण होते, मग संध्याकाळी सहापर्यंत भरती. भांगाची भरती असल्यानं पाण्याचा जोर कमी आणि त्याची दिशा किनाऱ्याकडे, आत. नवशिक्यांसाठी हे दिवस चांगले. पण सुट्टी तिथी बघून काढायची पद्धत आपल्याकडे लग्नापुरतीच आहे.

खाडीच्या अरुंद तोंडाशी ३ नॉटचा प्रवाह असेल तर तो ताशी साडेपाच किलोमीटर झाला. चांगलं पोहणारा साधा माणूस ताशी तीनेक किलोमीटर पोहतो. १०० मीटर फ्रीस्टाइलचा पॅरिस ऑलिंपिकमधला विश्वविक्रमी वेगसुद्धा ताशी पावणेआठ किलोमीटरच्या आसपास येतो, आणि तोही ४६ सेकंदांपुरता. त्यामुळे विहिरीत किंवा धरणात पट्टीचं पोहणारा असल्याचा इथे उपयोग आहे तो न घाबरण्यापुरता, प्रवाहाला हरवण्यासाठी नाही.

आणखी एक गोष्ट. वारा समुद्राकडून आणि ओहोटी समुद्राकडे, अशी दोघांची टक्कर झाली की मुखाशी लाटा आखूड आणि उभ्या होतात. आत तासभर सपाट पाण्यावर खेळलेला माणूस दांडीच्या टोकापलीकडे गेला की पाचच मिनिटांत वेगळ्याच पाण्यात असतो.

शापोरा, मांडवी, देवबाग

गोव्यात काइटसर्फिंगसाठी पेडणे तालुक्यातलं मोरजी आणि त्याच्या उत्तरेचं आश्वे प्रसिद्ध आहे. मोरजीच्या दक्षिण टोकाला शापोरा नदी समुद्राला मिळते, समोर शापोऱ्याचा किल्ला दिसतो. ही नदी मूळची महाराष्ट्राची. सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यातली तिलारी गोव्यात जाऊन शापोरा होते. मुखाशी वाळूच्या दांड्या आहेत आणि त्या दरवर्षी थोड्या सरकतात, म्हणून गेल्या वर्षीची माहिती यंदा चालत नाही. भरतीत आत ओढला गेलेला माणूस शिवोली-चोपडे पुलाकडे जातो आणि पतंगाच्या दोऱ्यांना पूल, वीजतारा, माड यातलं काहीच चालत नाही.

मांडवी आणि झुआरी आकारानं मोठ्या. मांडवीत भरतीचा परिणाम सुमारे ५० किलोमीटर आतपर्यंत जाणवतो. मांडवीच्या तोंडाशी आग्वादजवळ वाळूचा बांध आहे आणि पावसाळ्यात तिथे समुद्र इतका खवळतो की लोहखनिजाचे बार्ज समुद्रातून न जाता कुंभारजुवे कालव्यानं झुआरीत उतरून मुरगावला जात. शेकडो टनांचे बार्ज जिथून जायला नको म्हणत, तिथे फळीवर उभं राहण्याचा प्रश्नच येत नाही. मांडवी-झुआरीच्या मधल्या टोकावर दोना पावल आहे. त्या परिसरात विंडसर्फिंगही चालतं आणि राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थाही आहे, म्हणजे भरती-ओहोटीचा अभ्यास करणारे आणि तिच्यावर खेळणारे शेजारी.

महाराष्ट्रात मालवणजवळ देवबागला कर्ली नदीचा संगम आहे. वॉटर स्पोर्ट्ससाठी तिथे मोठी गर्दी होते, पण ती मुख्यतः इंजिनाच्या खेळांची. इंजिन प्रवाहाविरुद्ध जाऊ शकतं, शीड वाऱ्याशिवाय जाऊ शकत नाही. जेट-स्की जाते म्हणून जागा सुरक्षित, हा हिशेब इथे लागू होत नाही.

उत्तरेकडे जावं तसा भरतीचा आकार वाढतो. गोव्यात उधाणाचा चढ-उतार साधारण २ मीटरचा, मुंबईत तो साडेचार मीटरच्या आसपास जातो आणि खंबातच्या आखातात त्याच्या दुप्पट. बाणकोट, दाभोळ, जयगड, राजपुरी इथल्या खाड्या फोटोत गोव्यापेक्षा शांत दिसतात. त्यांतून आत-बाहेर होणारं पाणी मात्र जास्त असतं.

किनारा आणखी कुणाकुणाचा आहे?

मोरजीच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी, पिल्लं बाहेर यायला साधारण ४५ ते ६० दिवस. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत हे कासव आहे आणि वनखातं घरट्यांभोवती कुंपण घालतं. कासवांचा हंगाम हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या सुरुवातीपर्यंतचा, पर्यटकांचाही तोच. काइटसर्फिंगला इंजिन नाही, धूर नाही, आवाज नाही, म्हणून ते निसर्गस्नेही असल्याचं सांगतात. ते पाण्यावर खरं आहे. वाळूवर मात्र पतंग पसरायला, फुगवायला आणि उडवायला मोठी मोकळी जागा लागते, आणि कुंपण नेमकं तिथेच असू शकतं. जागा कोणी बदलायची याचं उत्तर सोपं आहे, कासव ती बदलू शकत नाही.

दुसरे हक्कदार रापणकर. रापण म्हणजे किनाऱ्यावरून अर्धगोलात टाकून बऱ्याच माणसांनी मिळून ओढायचं मोठं जाळं. ते पाण्यात असताना वरचे दोर दिसतात, खालचं जाळं दिसत नाही. फळीचा पंख त्यात अडकला तर खेळाडूचा पाय मुरगळेल, मच्छीमाराचा मात्र त्या दिवसाचा रोजगार जाईल. रापण सुरू असेल तर बाजूनं जायचं, आणि कुठून जायचं ते ओढणाऱ्यांनाच विचारायचं. प्रवाह कुठे ओढतो हेही त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं.

हिंगोलीत राहून हे शिकता येईल?

यातला अर्धा भाग कुठल्याही मोठ्या तलावावर शिकता येतो. चीनमधल्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत २६ सप्टेंबर २०२३ रोजी भारताच्या इबाद अलीनं विंडसर्फिंगमध्ये कांस्य जिंकलं आणि त्याच दिवशी नेहा ठाकूरनं मुलींच्या शिडाच्या होडीत रौप्य. नेहा मध्य प्रदेशातल्या देवास जिल्ह्यातल्या शेतकरी कुटुंबातली, तयार झाली भोपाळच्या सेलिंग स्कूलमध्ये. देवासलाही समुद्र नाही, भोपाळलाही नाही. तिथे मोठा तलाव होता, आणि त्याच्या काठावर होड्या, प्रशिक्षक आणि सुरक्षेची बोट होती.

पाणी हिंगोलीच्या वाट्यालाही आहे. पैनगंगेवरचं इसापूर, पूर्णेवरचं सिद्धेश्वर, आणि परभणीच्या सीमेवरचं येलदरी. पण धरणाचं पाणी आणि शिकण्याची जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जलाशयात बुडालेली झाडं असतात, मासेमारीची जाळी असतात, पाणी उतरलं की काठाला चिखल असतो, आणि टेकड्यांमुळे वारा झोतात येतो. परवानगी, लाइफ जॅकेट आणि सुरक्षेची बोट यांशिवाय तिथे फळी टाकणं म्हणजे जिवाशी खेळ. हे सगळं असेल तर तोल सांभाळणं, शीड उचलणं, वाऱ्याला आडवं जाऊन परत येणं, हे विंडसर्फिंगचे पहिले धडे तलावावर उत्तम होतात. काइटसर्फिंगसाठी मात्र मोकळा किनारा आणि एकसारखा वारा हवा, ते समुद्राजवळच शिकावं. सुरुवातीचा कोर्स साधारण ८ ते १२ तासांचा असतो आणि त्यातला पहिला भाग वाळूवरच जातो. पहिल्याच दिवशी थेट पाण्यात उतरवणाऱ्याकडे शिकू नये.

पैसे देण्यापूर्वी प्रशिक्षकाला तीन गोष्टी विचाराव्यात. आज भरती किती वाजता पूर्ण होते? वारा पडला तर आणायला बोट कुठे आहे? पतंग सोडायची कळ कशी चालते, दाखवा. पहिल्या प्रश्नावर जो मोबाइल काढून नीट बघतो त्याच्याकडे शिकायला हरकत नाही. 'काही टेन्शन नाही' म्हणतो, त्याच्याकडून चहा पिऊन परत यावं.

ओहोटीनं बाहेर ओढलं तर?

फळी सोडू नये. ती तरंगते आणि लांबून दिसते, माणसाचं डोकं दिसत नाही. पतंगाची ओढ सोडून द्यावी, दोऱ्या दांड्यावर नीट गुंडाळत पतंगापर्यंत जावं आणि त्याचा फुगलेला कणा धरून तरंगावं. वारा किनाऱ्याकडे असेल तर हाच पतंग हळूहळू परत आणतो. प्रवाहाविरुद्ध पोहू नये, त्याला आडवं, जवळच्या वाळूच्या दांडीकडे सरकावं. मुख्य पाट सोडला की प्रवाहाचा जोर कमी होतो. दोन्ही हात बाजूंनी वर-खाली हलवणं ही मदतीची खूण आहे. एकच हात हलवला तर किनाऱ्यावरचे मित्र टाटा समजून व्हिडिओ काढत बसतात.

किनाऱ्यावरच्यांनी पाण्यात उडी घेऊ नये. माणूस कुठल्या दिशेनं जातोय ते एकानं नजर न हलवता बघत राहावं, दुसऱ्यानं जीवरक्षकाला किंवा होडीवाल्याला गाठावं. तटरक्षक दलाचा मदत क्रमांक १५५४ आहे, सर्वसाधारण आपत्कालीन क्रमांक ११२. फोनवर किनाऱ्याच्या नावासोबत नदीच्या मुखाची कोणती बाजू, ओहोटी चालू आहे की भरती, आणि पतंग किंवा शिडाचा रंग कोणता, हेही सांगावं.